वखारीतला ठसका कोणत्या विषयात बसतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही निपाणीच्या. प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली आहे. आई वीस वर्षे तंबाखूच्या वखारीत माल चाळते. पीएचडीसाठी विषय मनात पक्का आहे: वखारीतल्या बायकांचा खोकला आणि त्यांचे हक्क. विज्ञानाचे मार्गदर्शक म्हणाले, हक्कांचा भाग काढून टाका. कायद्याच्या प्राध्यापकांनी विचारले, तुमच्याकडे एलएलबी कुठे आहे? समाजशास्त्रातून उत्तर आले, आधी सैद्धान्तिक चौकट आणा. आता तुम्ही विचारताय, "तिन्ही घेतले तर मी कुठलीच राहणार नाही का?"

मी मूळची रसायनशास्त्राची. पुढे सार्वजनिक आरोग्याकडे वळले आणि बेळगावात सव्वीस वर्षे शिकवले. पाणी, धूर, धूळ असल्या विषयांवरच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले. त्या अनुभवावरून सांगते. तुमची खरी अडचण विषयांची संख्या नाही. तुमच्या हातात अजून प्रश्न नाही, एक दुःख आहे. दुःख एका वेळी सगळीकडून येते, म्हणून ते तीन विभागांत सांडल्यासारखे दिसते. प्रश्न मात्र एका वाक्याचा असतो. तो नीट बांधला की कुठे विज्ञान लागेल आणि कुठे कायदा, हे तोच सांगतो.

हे मी कुठे शिकले ते सांगते, कारण माझ्याकडून तिथे मोठी चूक झाली. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी विहिरींचे पाणी तपासत होते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. एका विहिरीत ते बरेच जास्त निघाले. नमुने नीट घेतले होते, तपासणी दोनदा केली होती, आकडा बरोबर होता. अहवालात मी लिहिले, "विहीर क्रमांक ४ चे पाणी पिण्यास अयोग्य." ग्रामसभेत ते वाक्य वाचले गेले. ती विहीर दलित वस्तीची होती. दुसऱ्या दिवसापासून गावात चर्चा सुरू झाली की त्या आळीचे पाणीच घाण. नायट्रेट येत होते ते वरच्या अंगाच्या घरांच्या उकिरड्यांतून आणि गोठ्यांतून, उताराने झिरपत. माझ्याकडे नकाशा होता, उतार मला दिसत होता, पण "उगम कुठे" हा माझा प्रश्नच नव्हता. मी फक्त "किती" विचारले होते. आकडा खरा असूनही मी त्या वस्तीवर अन्याय केला. पुढे सुधारित टिपण दिले, पण पहिले वाक्य गावात राहिले ते राहिलेच.

म्हणून "हक्कांचा भाग काढून टाका" या सल्ल्याशी मी सहमत नाही. पण तो देणाऱ्यांची भीती खोटी नाही. तीन विषयांची तीन प्रकरणे एकमेकांना न ओळखता शेजारी बसलेली, असे प्रबंध मी तपासले आहेत. पहिल्या प्रकरणात फुप्फुसाची रचना, दुसऱ्यात कायद्यांची यादी, तिसऱ्यात पन्नास बायकांची टक्केवारी. याला व्यापकता म्हणता येत नाही. एका प्रकरणाच्या उत्तराशिवाय दुसरे प्रकरण पुढे सरकूच नये, इतकी गुंतवण हवी.

तुमच्या विषयात ती गुंतवण आयती आहे. विडी-सिगार कामगारांसाठी १९६६ चा केंद्रीय कायदा होता, तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. त्या जुन्या कायद्यात "उत्पादन प्रक्रिये"ची व्याख्या होती. तिचा मथितार्थ असा की विडी म्हणून वापर किंवा विक्री व्हावी या हेतूने मालावर केलेले कोणतेही संस्करण त्यात येते. आता तुमची आई काय करते ते बघा. ती विडी वळत नाही. ती वाळलेला पाला कुटते, चाळते, काडी वेगळी करते, प्रत लावते. हे "संस्करण" आहे की नुसती साठवण? वखार म्हणजे गोदाम की कारखाना? कायद्याचा प्रश्न इथे उभा राहतो, पण त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. चाळणीवर नेमके काय होते, पाल्याचा आकार कितीने बदलतो, चाळलेला माल पुढे कुठे जातो, हे ज्याने पाहून लिहिले त्याच्याकडे ते आहे. ते तुम्ही लिहू शकता, आणि एखाद्या वकिलापेक्षा चांगले लिहू शकता.

उलट दिशेनेही तसेच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातला हक्क मानला. त्याबरोबर एक अगदी व्यावहारिक आदेश दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपा. न्यायालयाने इतकी वर्षे का सांगितली? अॅस्बेस्टॉसचा आजार दिसायला दशके लागतात म्हणून. म्हणजे तो आदेश वैद्यकाच्या ज्ञानावर उभा आहे. तो वाचा आणि आपल्या वखारींकडे या. हजेरीचीच वही जिथे मुकादमाच्या खिशात असते, तिथे चाळीस वर्षांची नोंद कुठून असणार?

ही नोंद नसण्याने तुमचे विज्ञानही अडते, आणि या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे. समजा, तुम्ही स्पायरोमीटर, म्हणजे फुंकलेली हवा मोजायचे यंत्र, घेऊन वखारीत गेलात, शंभर बायकांना फुंकायला लावले, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती, याचे गुणोत्तर काढले. बऱ्याच जणी ठीक निघतील. मालक म्हणेल, बघा, काही होत नाही. पण ज्यांना झेपले नाही त्या आधीच घरी बसल्या आहेत. वखारीत सापडतात त्या टिकलेल्या. कामगारांच्या आरोग्याच्या अभ्यासातला हा जुना आणि फसवा दोष आहे. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: काम सोडलेल्यांना शोधायचे. त्यांची यादी कुठल्याही कार्यालयात नाही. ती गल्लीत आहे, बायकांच्या बोलण्यात आहे. "तुमच्यासोबत कोण कोण होतं? आता कुठं असतात?" असे विचारत घरोघर जाणे हे समाजशास्त्राचे काम. ते केले नाही तर तुमचे विज्ञान खोटे बोलेल.

मग मशेरी. आपल्याकडच्या कितीतरी कष्टकरी बायका सकाळी मशेरी लावतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. निकोटिन अंगात गेले की त्याचे कोटिनिन होते आणि ते लघवीत सापडते. तंबाखूशी संबंध किती आला हे मोजायची ती चांगली खूण आहे. पण ते मशेरीतून आले, की ओलसर पाला हाताळताना कातडीतून, की धुळीतून, हे कोटिनिन सांगत नाही. शेतात दवाने ओला पाला तोडणाऱ्यांना मळमळ, उलटी, गरगरणे होते, ते कातडीतून शिरणाऱ्या निकोटिनने. वखारीतला माल वाळलेला, तिथे मुख्य वाट धुळीची असावी, पण हे गृहीत धरायचे नाही, मोजायचे. शिवाय घरात चूल असेल तर तिचा धूर. म्हणून तुलनेचा गट बेळगावच्या नोकरदार बायकांचा घेऊ नका. त्याच गल्लीतल्या, तशाच चुलीच्या, मशेरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्याही, पण वखारीत न गेलेल्या बायका घ्या.

धुळीबद्दल एक बारीक गोष्ट. हवेतली धूळ मोजायचे यंत्र सोयीसाठी भिंतीवर, उभ्या माणसाच्या उंचीला टांगतात. तुमची आई जमिनीवर बसून चाळते. तिचे नाक चाळणीपासून हातभर अंतरावर असते. यंत्र तिच्या खांद्याजवळ, पदराला अडकवता येईल असे घ्या. गाळणीचा कागद आधी आणि नंतर तोलायचा, इतकेच ते तंत्र आहे, पण उंची चुकली तर सगळे मोजमाप दुसऱ्याच माणसाचे होते. आणि नवा माल येतो ते दिवस आणि मंदीचे दिवस, दोन्ही मोजा.

आता भाषेचे. सीमाभागात संशोधन करणाऱ्याला हे ओझे जास्तीचे आहे. कायदा इंग्रजीत, सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, बाई बोलणार मराठीत, आणि तीही निपाणीच्या मराठीत. १९५६ च्या आधीचे कागद मुंबई राज्याचे, नंतरचे बेंगळुरूकडचे. एका कामात आम्ही छापील प्रश्नावलीतला प्रश्न विचारत होतो, "श्वास घेण्यास त्रास होतो का?" बायका एकामागून एक "नाही" म्हणत होत्या. चौथ्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "तरास न्हाई ओ, पर माडीवर जाताना धाप लागतीया, आन् रातच्याला छाती भरतीया." आमच्या वहीत त्यांच्यापुढे "नाही" लिहिलेले होते. त्रास म्हणजे काय, हे आम्ही ठरवले होते आणि त्या वेगळेच ठरवत होत्या. सगळी प्रश्नावली फेकून पुन्हा केली. धाप, दम, ठसका, छाती भरणे, घशात खवखव, हे पाच वेगळे शब्द आहेत आणि डॉक्टरच्या दृष्टीने यांतली काही वेगवेगळी लक्षणे आहेत. तुम्ही या भाषेत वाढलात. ही तुमची खरी पात्रता आहे, एलएलबी नसले तरी.

आणखी एक गाठ तुम्हाला सोडवावी लागेल: पुराव्याचा अर्थ तिन्हीकडे वेगळा आहे. संख्याशास्त्र विचारते, हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? पाच टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय ते सहसा मान डोलावत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात निवाडा शक्यतेचे पारडे कुणीकडे झुकते यावर होतो. फौजदारीत वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. आणि समाजशास्त्राला एका बाईने आयुष्य कसे समजून घेतले हाही पुरावाच वाटतो. यामुळे असे होते की तुमचा निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकाला अपुरा वाटेल, पण भरपाईच्या दाव्याला पुरेल. किंवा उलट. शंभर बायकांच्या गटाबद्दल जे खरे ते एका बाईबद्दल खरेच असेल असे नाही, आणि न्यायालयासमोर नेहमी एक बाई उभी असते. इथे कायद्याने एक वाट काढली आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याला व्यावसायिक आजारांची यादी जोडलेली होती, ती आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. यादीतला आजार ठरावीक अटींत झाला तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरायचे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार त्या यादीत नावानिशी आहे. तंबाखूच्या धुळीने बेजार झालेल्या बाईला त्या यादीचा आधार कसा घेता येईल, हे तुमच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण होऊ शकते. आधीची सगळी प्रकरणे तिथे येऊन मिळतील.

निपाणी म्हटले की बाहेरच्यांना १९८१ आठवते. शरद जोशींच्या नेतृत्वाखालचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलेले शेतकरी, ६ एप्रिलचा गोळीबार. त्याच सुमारास वखारीतल्या बायकाही संघटित होऊन संपावर गेल्या होत्या. शेतकऱ्याचा लढा भावाचा होता आणि तो न्याय्य होता. पण त्या भावाच्या हिशेबात पुढे माल चाळणारी बाई फारशी दिसत नाही. एकाच गावातले, एकाच पिकावर जगणारे हे दोन गट. आज तुमचा निष्कर्ष "तंबाखू वाईट" असा वाचला गेला तर दोघांचीही रोजीरोटी धोक्यात येईल, आणि पहिली झळ बाईला बसेल. भारताने तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये मान्य केला. त्याचा १७ वा अनुच्छेद तंबाखूवर जगणाऱ्यांसाठी पर्यायी रोजगाराबद्दल आहे आणि १८ वा त्या कामातल्या माणसांच्या आरोग्याबद्दल. हे दोन्ही एकत्र वाचायचे असतात. वखार बंद करा म्हणणे आणि वखारीत धूळ ओढणारा पंखा बसवा म्हणणे यांत फार अंतर आहे. तुम्ही कशाच्या बाजूने पुरावा गोळा करताय, हे स्वतःशी आधी ठरवा.

आता व्यवहाराचे बोलू. नोंदणी कुठे करायची, हे तुमच्या परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे. निपाणीहून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळ, बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ दूर. मराठीत लिहायचे असेल, शिष्यवृत्ती राज्यावर अवलंबून असेल, घरून ये-जा करायची असेल, तर गणित प्रत्येक वेळी बदलते. एवढे मात्र सांगते की यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आंतरविद्याशाखीय कामाला आणि सहमार्गदर्शकाला जागा आहे. मुख्य नोंदणी तुम्ही शिकलेल्या किंवा त्याच्या जवळच्या विषयात, म्हणजे जीवशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्यात करा. पाय एका जागी खोल रोवलेला असावा, कारण तपासनीस शेवटी त्याच जमिनीवरून तुम्हाला तपासतील. कायद्यासाठी सहमार्गदर्शक घ्या. बेळगावात राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून आहे, कामगार कायदा शिकवणारी माणसे अशा ठिकाणी भेटतात. त्यांच्याकडे "मला कायदा शिकवा" म्हणून जाऊ नका. व्याख्येचा तो एक प्रश्न, वखार गोदाम की कारखाना, एवढाच घेऊन जा. नेमका प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी कधी परत पाठवले नाही आणि मलाही कुणी पाठवलेले नाही.

माणसांवरच्या संशोधनाला नैतिकता समितीची परवानगी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्या समितीत डॉक्टर आणि वैज्ञानिकांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती, समाजशास्त्राची किंवा नीतिशास्त्राची व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. त्यांच्यासमोर जायचे म्हणून विद्यार्थी घाबरतात. मला वाटते, तुमच्यासाठी तीच पहिली चांगली परीक्षा आहे, कारण तुम्हाला जी तीन माणसे वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळी उत्तरे देत होती, तशी माणसे तिथे एका टेबलाशी बसलेली असतात. ते विचारतील, संमती कुठे घेणार? "वखारीत" असे उत्तर देऊ नका. मुकादम दारात उभा असताना दिलेला अंगठा ही संमती नसते. घरी, संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर जा. वखारीत मोजमापाला मालकाची परवानगी लागेल, ती मिळेलच असे नाही. न मिळाल्यास धुळीचा भाग लहान करून घरी होणारी फुंक-चाचणी आणि काम सोडलेल्यांचा शोध यांवर प्रबंध उभा राहू शकतो. म्हणून आराखडा दोन्ही शक्यता धरून लिहा.

आणि कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी दोन-तीन महिने वही आणि कान, मग यंत्र, मग कायदा. यंत्र आधी नेले की बायका तुम्हाला डॉक्टर समजतात आणि फक्त आजार सांगतात.

प्रश्नाचे एक वाक्य मी सुचवते, तुम्ही ते मोडून तुमचे करा: "निपाणीतील वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि हे काम सोडलेल्या स्त्रियांच्या श्वसनक्षमतेवर धुळीचा परिणाम किती होतो, आणि तो कायद्याच्या नजरेत कामाचा आजार ठरण्यात कोणत्या अडचणी आहेत?" हे तिन्ही घेते, पण एकाच बाईभोवती फिरते.

राहता राहिला तुमच्या आईचा प्रश्न, तो तुम्ही विचारला नाहीत पण पत्रभर आहे. त्यांना नमुन्यात घेऊ नका. तुमच्या कामामुळे त्यांची हजेरी तुटली तर ती भरून देणारे कोणतेही अनुदान नाही, आणि त्यांचे उत्तर तुम्हाला तटस्थपणे लिहिता येणार नाही. मात्र प्रश्नावली कुणालाही दाखवण्याआधी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, मार्गदर्शकांच्याही आधी. ज्या प्रश्नावर त्या "असं कोण बोलतंय?" म्हणतील तो खोडा, आणि तिथे त्या जसे म्हणतील तसे लिहा.